ना स्वीकार, ना साभार परत

मराठीत लिहू पाहणाऱ्या माणसाला 'साभार परत' हे दोन शब्द नवे नाहीत. ते पोस्टाने येत. आपणच पत्ता लिहून, तिकीट लावून सोबत पाठवलेल्या पाकिटातून येत. त्यांचा राग येई, क्वचित लाजही वाटे. पण आपले लेखन कोणीतरी पाहिले आहे आणि त्याला ते नको आहे, एवढे निश्चित कळे. आंतरजालावर पुस्तकांविषयीचे अभिप्राय गोळा करणाऱ्या संकेतस्थळांनी हे दोन शब्दही वाचवले आहेत. तुम्ही लिहिता, कळ दाबता, 'धन्यवाद, आपला अभिप्राय तपासला जात आहे' अशी पाटी येते आणि त्यानंतर शांतता. अभिप्राय येत नाही. किंवा येतो आणि चार दिवसांनी नाहीसा होतो. काही ठिकाणी तर तो लिहिणाऱ्याला स्वतःच्या खात्यातून दिसत राहतो, इतरांना मात्र दिसत नाही. म्हणजे नकाराची बातमीसुद्धा ज्याला नकार मिळाला त्याच्यापासून लपवून ठेवायची.

निवड करण्याला माझी हरकत नाही, हे आधीच सांगून टाकते. साहित्याच्या व्यवहारात चाळणी नसावी असे म्हणणारा माणूस एक तर कधी संपादक झालेला नसतो किंवा त्याने कधी एकांकिका स्पर्धेचे परीक्षण केलेले नसते. शिवाय या संकेतस्थळांना चाळणी लावण्याची बुद्धी उगाच झालेली नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातील संकेतस्थळावर तांत्रिक गोंधळ झाला आणि टोपणनावाने लिहिणाऱ्या परीक्षकांची खरी नावे काही काळ जगाला दिसू लागली. स्वतःच्याच पुस्तकाला पाच तारे बहाल करणारे लेखक त्या यादीत निघाले. अमेरिकन कादंबरीकार जॉन रेची हे त्यांतले एक. २०१० मध्ये रशियन इतिहासाचे नामवंत अभ्यासक ओर्लँडो फायजिस टोपणनावाने इतर अभ्यासकांच्या पुस्तकांवर तोंडसुख घेत होते असे उघडकीस आले. २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पैसे घेऊन अभिप्राय लिहून देण्याच्या धंद्याची हकीकत छापली आणि जॉन लॉक हे लोकप्रिय ई-पुस्तकलेखक त्या धंद्याचे गिऱ्हाईक असल्याचे कळले. आपल्याकडेही मित्राने मित्राच्या कवितासंग्रहाला 'मराठी कवितेतील मैलाचा दगड' ठरवण्याची प्रथा जुनीच आहे. फक्त ते काम फुकट चाले.

तेव्हा चाळणी हवीच. ती काय पाहते आणि काय पाहत नाही, हा खरा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गाला मी एक काम दिले होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून एक मराठी पुस्तक निवडायचे, वाचायचे आणि त्यावर तीनशे शब्दांचे परीक्षण लिहून ते अशाच एका संकेतस्थळावर टाकायचे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला एकच वाचक असतो आणि तोही पगारी. अनोळखी वाचकासाठी लिहिताना वाक्य कसे बदलते ते मुलांना कळावे, एवढाच हेतू. चौदा जणांनी लिहिले. पाच परीक्षणे कधी दिसलीच नाहीत आणि दोन दिसून नाहीशी झाली. एकाला तेवढी एक ओळ आली: आपला अभिप्राय आमच्या मार्गदर्शक तत्त्वांशी सुसंगत नाही. कोणत्या तत्त्वाशी, ते नाही. त्याने मला विचारले, 'मॅडम, तत्त्वं सतरा आहेत. यातलं माझं कुठलं?' मला सांगता आले नाही.

नंतर विचार केला तेव्हा यंत्राच्या बाजूने सारे स्वच्छ दिसू लागले. चौदा नवी खाती. चौदाही जणांचा आयुष्यातला पहिलाच अभिप्राय. सारे एकाच जोडणीवरून, कारण महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा एकच. सारे एकाच आठवड्यात, बहुतेक दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, कारण तेव्हा प्रयोगशाळा रिकामी असते. एकानेही त्या संकेतस्थळावरून पुस्तक विकत घेतलेले नाही. भाडोत्री अभिप्राय लिहिणारी टोळी हुबेहूब अशीच दिसते. यंत्र खात्याचे वय पाहते, वेळ पाहते, पत्ता पाहते, खरेदी पाहते. आणि यांतले सारे त्याने बरोबरच पाहिले. मुलांनी जे लिहिले होते ते मात्र त्याच्या दृष्टीने यातल्या एकाही रकान्यात बसत नव्हते.

ही काही आमच्याच वर्गाची कहाणी नाही. उपाहारगृहांविषयीचे अभिप्राय छापणाऱ्या 'येल्प' या अमेरिकन संकेतस्थळाचा अभ्यास मायकेल लुका आणि जॉर्जिओस झेर्वास या दोन संशोधकांनी केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उपाहारगृहांविषयीचे सुमारे १६ टक्के अभिप्राय यंत्राने बाजूला काढले होते असे त्यांना आढळले. अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे. पण त्याच्या पद्धतीत एक गोष्ट आहे, ती साहित्याच्या विद्यार्थ्याने पाहून ठेवावी. यंत्राने बाजूला काढणे हीच तेथे बनावटपणाची जवळची खूण मानलेली आहे. संशोधनाच्या सोयीसाठी हे समजण्यासारखे आहे. खोटेपणा थेट मोजायचे साधन कोणाकडे नसते. मात्र संशोधनातली ही सोय व्यवहारात उतरली की गाळला गेला तो खोटाच असणार, असा शिक्का बसतो. येल्पच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की गाळलेले अभिप्राय ते निदान वेगळ्या पानावर ठेवते, शोधणाऱ्याला सापडतात. ताऱ्यांच्या सरासरीत धरत नाही, पण पुरूनही टाकत नाही. पुस्तकांच्या बाबतीत एवढी माणुसकीही दुर्मीळ आहे.

आणि पुस्तक म्हणजे उपाहारगृह नव्हे. मिसळ तिखट होती की नाही हे सांगायला जे शब्द लागतात ते कोणत्याही चाळणीतून सुखरूप जातील. साहित्यकृतीविषयी बोलताना त्या कृतीतले शब्द उच्चारावे लागतात, आणि आपल्या भाषेतल्या गेल्या साठ वर्षांतल्या सर्वांत महत्त्वाच्या लेखनाचे शब्द कोणत्याही सभ्य शब्दसूचीत बसणारे नाहीत. 'गोलपिठा'वर लिहायचे आणि त्यातल्या शब्दांना हात लावायचा नाही, हे कसे जमावे? किशोर शांताबाई काळे यांच्या १९९४ सालच्या आत्मकथनाच्या तर नावातच जातीचे नाव आहे: 'कोल्हाट्याचं पोर'. जातीचे नाव शिवी म्हणून उच्चारणारा माणूस आणि तीच शिवी आयुष्यभर ऐकून ती पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणणारा माणूस यांत जो फरक आहे तो कळण्यासाठी वाक्य वाचावे लागते. शब्द मोजून तो कळत नाही. यंत्रांची ही खोड जुनी आहे. १९९६ मध्ये 'अमेरिका ऑनलाइन'ने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खाती उघडू दिली नव्हती, कारण त्या गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी अपशब्द दडलेला आहे. त्यानंतर यंत्रे पुष्कळ हुशार झाली, इंग्रजीत झाली. मराठीच्या वाट्याला त्या हुशारीचा कोणता हिस्सा आला आहे याचा अंदाज यावरून करावा, की देवनागरी दिसली की ती हिंदीच असणार असे गृहीत धरणारी साधने आजही आपल्याला रोज भेटतात. विजय तेंडुलकरांनी 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिली तेव्हा त्यांनाही त्यातले कितीतरी शब्द अपरिचित होते. ते त्यांनी लपवले नाही. अर्थ विचारून घेतले, ती वस्ती पाहिली आणि मग लिहिले. न कळलेल्या शब्दापुढे वाचक म्हणून काय करायचे, त्याचा तो वस्तुपाठच आहे.

दुसरी अडचण लेखकाची. सप्टेंबर २०१३ मध्ये 'गुडरीड्स'ने असे धोरण जाहीर केले की पुस्तकाऐवजी लेखकाच्या वर्तनाविषयी असलेले अभिप्राय काढून टाकले जातील. त्याच वर्षी ते संकेतस्थळ ॲमेझॉनच्या मालकीचे झाले होते. काही अभिप्राय पूर्वसूचना न देताच काढले गेले, सदस्य खवळले, काहींनी निषेध म्हणून मुद्दाम अवांतर अभिप्राय लिहिले आणि या साऱ्यावर त्यांनी 'ऑफ-टॉपिक' नावाचे एक पुस्तकच काढले. लेखकांवर होणारी वैयक्तिक चिखलफेक थांबावी हा धोरणामागचा हेतू वावगा नव्हता. पण हा नियम मराठीला लावून पाहा. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आले. त्यावर झालेली सारी चर्चा लेखिकेच्या आणि तिच्या नवऱ्याच्या वर्तनाविषयीच होती; दुसऱ्या कशाविषयी होऊ शकत होती? मल्लिका अमरशेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या पुस्तकातून लेखिकेचे आणि तिच्या कवी-पतीचे आयुष्य वजा केले तर हातात पुठ्ठा उरतो. आत्मचरित्र हा ज्या भाषेतला एक प्रमुख वाङ्मयप्रकार आहे, त्या भाषेत 'लेखकाबद्दल बोलू नका' हा नियम समीक्षेलाच दार बंद करतो. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अमेरिकन कादंबरीचा बाजार होता, 'स्मृतिचित्रे' नव्हते.

तिसरी गोष्ट भाषेची. एका मोठ्या विक्रेत्या संकेतस्थळाच्या नियमावलीत, मिश्र भाषेत लिहिलेला मजकूर चालणार नाही असे कलम मी वाचले आहे. मराठी समीक्षा ज्याने वाचली आहे त्याला याचे हसू येईल. आपण काव्यशास्त्रासाठी संस्कृतकडे जातो, कादंबरीच्या सिद्धान्तासाठी इंग्रजीकडे, आणि उदाहरण द्यायचे तर पुस्तक मालवणीत असेल, अहिराणीत असेल. नेमकेपणाने लिहिलेले मराठी परीक्षण हे बहुधा मिश्र भाषेतच असते. त्यातून ॲमेझॉनची भारतीय पेढी सुरू झाली २०१३ मध्ये, किंडलवर मराठी पुस्तके आली २०१६ च्या डिसेंबरात आणि संकेतस्थळ मराठीतून दिसू लागले २०२१ मध्ये. ज्या घरात आपल्याला शेवटच्या पंगतीला बसवले आहे तिथले वाढपी आपली चव ओळखतील, ही अपेक्षा जरा जास्तच.

मला स्वतःला सर्वांत अधिक खुपते ती खरेदीची अट. 'खात्रीशीर खरेदी' असा बिल्ला असलेला अभिप्राय वजनदार आणि बाकीचे संशयास्पद, हा हिशेब दुकानदाराच्या दृष्टीने स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या ॲमेझॉनवर अभिप्राय लिहायचा तर गेल्या बारा महिन्यांत किमान ५० डॉलरची खरेदी केलेली असावी लागते. मराठी वाचक मात्र प्रामुख्याने ग्रंथालयाचा वाचक आहे. १९६७ च्या कायद्याखाली उभी राहिलेली अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालये हा महाराष्ट्राच्या वाचनाचा कणा आहे. कसा का असेना, मोडकळीला आलेला का असेना, आहे. तालुक्याच्या गावी वर्गणी भरून महिन्याला आठ पुस्तके वाचणारी निवृत्त शिक्षिका या हिशेबात वाचकच नाही. माझे विद्यार्थीही नाहीत. वाचक म्हणजे ग्राहक, हे समीकरण एकदा मान्य केले की ज्याच्याकडे पुस्तक विकत घ्यायला पैसे नाहीत त्याचे मत आपोआप बनावट ठरते. हे कोणी ठरवून केलेले नाही, हे मला कबूल आहे. न ठरवताच होते, म्हणून तर ते कोणाच्या लक्षात येत नाही.

इतक्या कडक पहाऱ्यातून काय सुटते तेही पाहण्यासारखे आहे. जून २०२३ मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी आपल्या 'द स्नो फॉरेस्ट' या आगामी कादंबरीची घोषणा केली. कथानक रशियात घडते एवढ्यावरून, युक्रेनमधील युद्धाच्या पार्श्वभूमीवर, गुडरीड्सवर पाचशेहून अधिक एक-तारा अभिप्राय जमा झाले आणि लेखिकेने प्रकाशन लांबणीवर टाकले. युक्रेनी वाचकांच्या वेदनेविषयी मला काही म्हणायचे नाही. ती खरीच होती. पण ते पुस्तक तेव्हा प्रसिद्धच झालेले नव्हते. न वाचलेल्या पुस्तकाविषयीचे शेकडो अभिप्राय चाळणीतून आरपार गेले.

सहा दशकांपूर्वीचे 'सत्यकथे'चे उदाहरण येथे द्यायचा मोह आवरत नाही. 'सत्यकथे'ची चाळणी बारीक होती आणि ती एका विशिष्ट अभिरुचीची होती, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. तिच्या बाहेर राहिलेल्यांनी लघुअनियतकालिके काढली. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी गिरगावात 'मौज'च्या कार्यालयासमोर 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. त्या भांडणात दोन्ही बाजूंना चेहरे होते. जाळायला अंक होता, ज्याच्यासमोर जाळायचा तो दरवाजा होता आणि आत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन बसलेले होते. पटवर्धन तर नापसंत कथेवरही लेखकाला सविस्तर पत्र लिहीत. त्या पत्रांशी भांडता भांडता काही लेखक घडले. शासकीय परीक्षण मंडळासारख्या संस्थेलाही निदान आपण काय कापले ते सांगावे लागे. १९७० च्या सुमारास 'गिधाडे'तल्या लुगड्यावरचा लाल डाग मंडळाला चालला नाही, डॉ. लागूंच्या प्रयोगात तो निळा केला गेला आणि तो लाल समजावा असे प्रेक्षकांना आधी सांगितले गेले. 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. निर्णय चुकीचे होते, पण ते निर्णय होते. त्यांना तारीख होती, त्यांवर सही होती, म्हणून त्यांच्याविरुद्ध दाद मागता आली. माझ्या विद्यार्थ्याने कोणाच्या दारात जावे?

पुन्हा वर्गाकडे येते, कारण नुकसान तिथे झाले. 'कोल्हाट्याचं पोर'वर लिहिणाऱ्या मुलीचे परीक्षण वर्गातले सर्वांत चांगले होते. लेखक आईविषयी लिहिताना राग आणि माया यांच्यामध्ये कुठेच स्थिर होत नाही, आणि ही अस्थिरताच निवेदनाची लय ठरवते, असे तिचे म्हणणे होते. ते तिने तीन ठिकाणचे दाखले देऊन मांडले होते. परीक्षण आले नाही. तिने ठरवले, दोष शोधून काढायचा. आधी अवतरणे काढली, आले नाही. मग जातीचा उल्लेख काढला, आले नाही. मग आईविषयीचा परिच्छेद गेला. शेवटी उरले ते असे: 'अतिशय हृदयस्पर्शी पुस्तक. प्रत्येकाने एकदा तरी वाचावे.' ते तासाभरात झळकले. खाली दोघांनी 'उपयुक्त' म्हणूनही नोंदवले.

तिने हे मला हसत सांगितले. मी मात्र पुढची परीक्षणे तपासताना पाहत राहिले की इतर मुलेही आता आधीपासूनच तसे लिहू लागली आहेत. अवतरण नाही, नकार नाही, लेखकाचे नाव एकदाच, दोन विशेषणे आणि शिफारस. कोणी त्यांना असे लिहायला शिकवले नाही. ज्या मुलाला समजते आहे की आपले वाक्य का गाळले गेले, तो वाद घालील किंवा वाक्य सुधारील. ज्याला कारणच कळत नाही तो सगळ्याच वाक्यांना भिऊ लागतो. मराठीत पुस्तकाची आवृत्ती हजाराची असे, आता अनेकदा पाचशेची असते. वृत्तपत्रांतले परीक्षणांचे पान आक्रसून गेले आहे. एखाद्या लहान प्रकाशकाच्या चांगल्या पुस्तकावर साऱ्या महाजालात मिळून चार-दोन अभिप्राय असतात. त्यांतला एक गळणे म्हणजे इंग्रजी खपाऊ कादंबरीवरच्या लाखभर अभिप्रायांतला एक गळणे नव्हे. त्या पुस्तकाची अर्धी समीक्षा गेलेली असते.

मागणी फार मोठी नाही. गाळलात तर सांगा. का गाळलात ते एका वाक्यात सांगा. आणि ज्याने लिहिले त्याला उत्तर देण्याची, मजकूर दुरुस्त करण्याची एक संधी द्या. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने अशा मंचांवर कारण कळवण्याचे बंधन घातले आहे आणि फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा पूर्णपणे लागू झाला आहे. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानक काढले. त्यात पारदर्शकतेचे तत्त्व आहे, पण जाहीर झाले तेव्हा ते ऐच्छिक होते आणि त्याचा सारा रोख बनावट अभिप्राय लिहिणाऱ्यांवर होता. खरा अभिप्राय गमावणाऱ्याचा विचार कोणीतरी मराठीतूनही मांडायला हवा. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी मांडावा, प्रकाशक परिषदेने मांडावा, साहित्य संमेलनातल्या ठरावांच्या लांबलचक यादीत यालाही एक ओळ मिळाली तरी चालेल.

तोपर्यंत आम्ही विभागात एक व्यवस्था केली आहे. मुले परीक्षण संकेतस्थळावर टाकतातच, पण त्याची एक छापील प्रत ग्रंथालयातल्या त्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावरच्या खिशात घडी करून ठेवतात. तो खिसा पूर्वी कार्डासाठी असे. बारकोड आल्यापासून रिकामाच होता. ग्रंथपालांनी आधी कुरकुर केली, मग सही आणि तारीख असली पाहिजे एवढी अट घातली. 'कोल्हाट्याचं पोर'च्या खिशात मूळ तीनशे शब्दांचे परीक्षण आहे. त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे: 'दुसऱ्या मुद्द्याशी असहमत. पान उलटून पाहा.'